हिरवेपणाचा हिशेब

मे महिन्यात कुमाऊंच्या चीडवनातून, म्हणजे तिथल्या पाइनच्या रानातून, चालताना लक्षात राहते ती पायाखालची घसरण. वीतभर लांब, वाळून तांबूस झालेल्या सुयांचा थर इतका जाड असतो की बूट धड रुतत नाही आणि धड ठरतही नाही. तिथले लोक या सुयांना पिरूल म्हणतात. बायका तो ओढून नेऊन गोठ्यात अंथरतात. वनखात्याला मात्र पाऊस येईपर्यंत त्याची धास्ती, कारण एक पेटती काडी पडली की अख्खा उतार धुमसतो. आणि वर मान करून पाहावं तर झाड हिरवंगार. शाळेत ज्याला आपण 'सदाहरित' म्हणून पाठ केलं, त्याच्याच पायाशी एवढा पाचोळा कसा? सूचिपर्णी झाडं बारा महिने हिरवी का राहतात, या जुन्या प्रश्नात शिरायला मला तरी हाच दरवाजा सोयीचा वाटतो.

'सदाहरित' हा शब्द झाडाबद्दल बोलतो, पानाबद्दल काहीच सांगत नाही. पळसावरची सगळी पानं एका तुकडीची असतात. ती बरोबर येतात, बरोबर जातात. सूचिपर्णी झाडावर एका वेळी अनेक वर्षांच्या तुकड्या नांदत असतात. फांदीच्या टोकाला यंदाच्या सुया, त्यामागे गेल्या वर्षीच्या, त्यामागे त्याच्या आदल्या वर्षीच्या, आणि अगदी आत, सावलीत, पिवळ्या पडत चाललेल्या म्हाताऱ्या. दर वर्षी फक्त ही शेवटची रांग गळते, म्हणून झाड कधी उघडं पडत नाही. चीडची सुई वर्षाहून थोडंच अधिक जगते. नवी पालवी आली की जुनीला निरोप, आणि तोच पिरूल. युरोपातल्या स्कॉट्स पाइनची सुई साधारण दोन ते चार वर्षं राहते, स्प्रूसची पाच ते दहा. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधली ब्रिसलकोन पाइन झाडं स्वतः चार-साडेचार हजार वर्षं जगतात आणि त्यांची एकेक सुई तीस वर्षांहून अधिक काळ कामावर असते. चीड आणि ब्रिसलकोन, दोघांनाही आपण एकाच शब्दात गुंडाळतो. खरा प्रश्न त्या शब्दाच्या आत आहे: पान किती वर्षं ठेवायचं, हे झाड कशावरून ठरवतं?

पुढे जाण्याआधी आपल्याकडचा एक गोंधळ निस्तरायला हवा. महाराष्ट्राच्या रानात मूळचं एकही सूचिपर्णी झाड नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन पाहून पाइनची आठवण होते खरी, पण सुरू हे फुलझाडांच्या कुळातलं. त्याच्या त्या हिरव्या 'सुया' म्हणजे बारीक डहाळ्या आहेत, आणि खरी पानं त्यांच्या पेरांवर डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या खवल्यांएवढी. गंमत अशी की सुरू हा शब्द फारसीतल्या 'सर्व'वरून आला, आणि तो सर्व म्हणजे सायप्रस, अस्सल सूचिपर्णी. नाव आलं, झाड बदललं. उलट दारातली मोरपंखी, जिचं 'विद्येचं पान' आपण वहीत जपून ठेवलं, ती खरोखरच या गटातली. वहीत महिनोन्‌महिने ते पान हिरवं राहायचं, याचं तेव्हा फार नवल वाटे. सबंध दक्षिण भारतात मूळचं म्हणावं असं सूचिपर्णी झाड एकच, नागेया वालिचियाना, तेही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे. त्याची पानं सुईसारखी नाहीत, चांगली रुंद आहेत. ही रुंद पानांची गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. थंड प्रदेश, बर्फ, म्हणून झाडाचा आकार निमुळता. पान सुईसारखं, त्यावर मेणाचा थर, पर्णरंध्रं आत खोल दडलेली, त्यामुळे पाणी कमी उडतं. यातलं एकही विधान चुकीचं नाही. पण हे उत्तर 'कसं'चं आहे, आणि आपण विचारलं होतं 'का'. सुई हिवाळा सोसू शकते हे मान्य. तिने तो सोसावा कशासाठी? बर्च आणि अस्पेन त्याच थंडीत, त्याच बर्फात उभे असतात आणि दर शरदात पानं टाकून मोकळे होतात. त्यांचं काही बिघडत नाही.

'का'चा एक महत्त्वाचा धागा हाती आला तो बर्फापासून फार दूर. १९६६ साली कार्ल मंक या अमेरिकी परिस्थितीवैज्ञानिकाने फ्लोरिडाच्या उत्तर भागातल्या जंगलांवर जेमतेम दोन पानांचं टिपण प्रसिद्ध केलं. फ्लोरिडा उबदार. तिथे सदाहरित झाडं दाटलेली दिसत होती ती निकृष्ट, रेताड जमिनीवर. मंकचं म्हणणं असं, की जिथे मातीत अन्नद्रव्यं कमी, तिथे दर वर्षी सगळी पानं टाकणं झाडाला परवडत नाही. गळण्याआधी झाड पानातलं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं हे खरं, पण ते साधारण निम्म्याच्या आसपास. उरलेलं पानाबरोबर जातं, आणि ते कुजून मातीत परत येईपर्यंत दुसरंच कुणी उचलतं. पान जितकी जास्त वर्षं राखावं तितकी ही गळती कमी. उत्तरेच्या थंड रानात माती तशीच गरीब असते, कारण गारठ्यात पाचोळा कुजायला फार वर्षं लागतात. म्हणजे थंडीचा हात इथे आहे, पण मातीच्या आडून.

१९८२ मध्ये ब्रायन शॅबो आणि डेव्हिड हिक्स यांनी हाच विचार जमाखर्चाच्या भाषेत मांडला. पान बनवायला खर्च येतो, राखायला खर्च येतो, आणि पान कमावतं. ज्या पानाची रोजची कमाई कमी, त्याने बांधणीचा खर्च फेडायला जास्त दिवस जगलं पाहिजे. जास्त जगायचं तर मजबूत हवं, मजबूत म्हणजे आणखी महाग, आणि महाग म्हणून आणखी जगायला हवं. आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर पळसाचं पान ही पत्रावळ आणि फरची सुई हे पितळेचं ताट. पत्रावळ एका पंगतीची. ताटाला कल्हई लागते, घासणं लागतं, पण ते घरात वर्षानुवर्षं राहतं. २००४ साली इयन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जगभरातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ वनस्पतींच्या पानांची मोजमापं एकत्र मांडली, तेव्हा हे चित्र ठसठशीत दिसलं. एका टोकाला हलकी, नत्राने भरलेली, झपाट्याने कमावणारी, थोड्या दिवसांची पानं; दुसऱ्या टोकाला जड, चिवट, सावकाश कमावणारी, दीर्घायुषी. सूचिपर्णी झाडं बहुतांशी या दुसऱ्या टोकाला बसतात. महाबळेश्वरच्या जांभ्यावरची अंजनी आणि जांभूळही तिकडेच झुकतात. तिथे भरपूर पाऊस हेही कारण आहे, पण अंजनीचं जाड, चामड्यासारखं पान हातात घेतलं की पितळेच्या ताटाची आठवण येतेच.

मग प्रश्न उरतो, सूचिपर्णींची कमाई मुळात सावकाश का? इथे मला या सगळ्या शोधातला सर्वांत देखणा भाग दिसतो, आणि तो पानात नाही, लाकडात आहे. रुंदपर्णी झाडांच्या लाकडात पाणी वाहतं ते वाहिकांतून. पेशींची टोकं गळून एकमेकींना जोडलेल्या या लांब, रुंद नळ्या. सूचिपर्णींकडे ही सोय नाही. त्यांचं पाणी वाहिनिका नावाच्या अरुंद, बंद टोकांच्या पेशींतून, बाजूच्या सूक्ष्म खिडक्यांमधून एकीकडून दुसरीकडे झिरपत वर चढतं. पुरवठा सावकाश, म्हणून पर्णरंध्रं हात राखून उघडायची, म्हणून अन्ननिर्मितीही बेताची. रखडत्या नळाच्या घरात रोज पाहुणे बोलावता येत नाहीत.

पण याच अरुंदपणाचा हिवाळ्यात फायदा होतो. नळीतलं पाणी गोठलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. बर्फ वितळताना रुंद नळीत हा बुडबुडा फुगतो, पाण्याचा धागा तुटतो आणि नळी निकामी होते. अरुंद नळीत तो लहान असतो, पुन्हा पाण्यात विरघळून जातो. मोजमापांवरून दिसतं ते असं, की साधारण ३० मायक्रोमीटरपेक्षा बारीक नळ्यांना गोठण्या-वितळण्याचा फारसा त्रास होत नाही. युरोपातल्या ओकच्या वाहिका याच्या कैक पट रुंद, त्यामुळे एका हिवाळ्यात त्याची जवळजवळ सगळी नळयोजना बाद होते आणि वसंतात नवी बसवल्याशिवाय त्याला पालवी पोसता येत नाही. स्प्रूसची नळयोजना शाबूत असते, पानं जागेवर असतात. दोन-चार उबदार दिवस आले की ती कामाला लागू शकते.

आता प्रत्यक्ष हिवाळा. आपल्याला पानगळ ठाऊक आहे ती तहानेची. साग पानं टाकतो तो थंडीने गारठून नव्हे, माघ-फाल्गुनात जमीन कोरडी पडते म्हणून. उत्तरेचा हिवाळाही झाडाच्या दृष्टीने दुष्काळच आहे. पाणी डोळ्यांसमोर ढिगाने पडलेलं, पण गोठलेलं, मुळांना एक थेंब मिळत नाही. अशा वेळी सुईवरचा मेणाचा थर आणि मिटलेली पर्णरंध्रं ओलावा धरून ठेवतात. गोठण्यापासूनचा बचाव याहून विलक्षण. दिवस लहान होऊ लागले की सुईच्या पेशी तयारीला लागतात, साखरा आणि विशिष्ट प्रथिनं साठवतात. पुढे गोठण्याची वेळ येते तेव्हा बर्फ पेशीच्या बाहेर, मोकळ्या फटींत धरतो. पेशीतलं पाणी तिकडे ओढलं जातं, आणि पेशी स्वतः आटत जाते, पण तिच्या आत बर्फाचा स्फटिक बनत नाही. भर उन्हाळ्यात उणे दहा अंशांच्या आसपास मरून जाणारी सुई याच तयारीच्या जोरावर जानेवारीत उणे साठही पचवते.

थंडीपेक्षा खोडी करतं ते ऊन. फेब्रुवारीत आकाश निरभ्र, खाली बर्फावरून परावर्तित होणारा लख्ख प्रकाश, आणि सुईतलं हरितद्रव्य तो शोषून घेतंय. पण त्या ऊर्जेतून साखर बनवणारी यंत्रणा गारठ्याने थिजलेली. न वापरलेली ही ऊर्जा पेशीलाच जाळू शकते. म्हणून सुया झियाझँथिन नावाचं पिवळसर रंगद्रव्य साठवून ठेवतात आणि त्याच्या मदतीने जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. २०२० मध्ये स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉट्स पाइनमध्ये आणखी एक वाट दाखवली. पानातल्या दोन प्रकाशयंत्रणा एरवी अंतर राखून असतात, हिवाळ्यात मात्र एकीतली ऊर्जा थेट दुसरीत ओतली जाते आणि तिथे निरुपद्रवीपणे जिरते. काही जाती तर हिवाळ्यात उघडपणे तांबूस होतात. दार्जिलिंगच्या उतारांवर लावलेल्या जपानी धूपीत हे दिसतं. म्हणजे भर हिवाळ्यात उत्तरेची ती हिरवी झाडं अन्न बनवत उभी आहेत, ही आपली समजूत भाबडी. दुकान उघडं दिसतं, पण गल्ला बंद असतो. पाटी उतरवली नाही एवढंच.

आणि इथवर सगळं छान जुळत आल्यावर लार्च समोर येतो.

लार्च सूचिपर्णी आहे, पाइनच्याच कुळातला आहे, लाकूड तसंच वाहिनिकांचं. पण दर शरदात तो सोनेरी पिवळा होतो आणि सगळ्या सुया टाकून देतो. आपल्याकडे सिक्कीम आणि अरुणाचलच्या उंचीवर त्याची हिमालयी जात आहे. पण त्याचं खरं राज्य सैबेरियात, आणि तेही सर्वांत क्रूर भागात. उणे साठच्या खाली पारा जाणाऱ्या याकुतियात जंगल आहे ते मुख्यतः लार्चचं, आणि तैमिर द्वीपकल्पावर ७२ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे झाडं पोचली ती लार्चचीच. थंडीमुळे झाड सदाहरित होतं म्हणावं, तर जगातल्या सर्वांत थंड जंगलाने पानगळ निवडलेली. १९९० मध्ये गोवर आणि रिचर्ड्स यांनी या विषयावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच लार्चना 'सदाहरित जगातले पानगळीचे सूचिपर्णी' म्हटलं होतं.

उत्तर पुन्हा हिशेबातच सापडतं, फक्त आकडे वेगळे. याकुतियात जमीन खोलवर कायमची गोठलेली. एप्रिलमध्ये ऊन तापतं, हवा कोरडी होते, पण मुळं अजून बर्फात. सुया असत्या तर सुकून गेल्या असत्या. लार्चने त्या ठेवलेल्याच नसतात. त्याच्या सुया मऊ, हलक्या, स्वस्त. वजनाच्या मानाने त्या कितीतरी जोरात कमावतात, आणि गळण्याआधी झाड त्यांतलं नत्र इतर सूचिपर्णींपेक्षा अधिक कसून परत घेतं. त्यामुळे पान राखण्यातून मंकला दिसलेली बचत तो पान टाकूनही बरीचशी साधतो. शिवाय आल्प्समध्ये आठ-नऊ वर्षांनी एकदा अळीची धाड येते आणि लार्चचे उतारच्या उतार तपकिरी पडतात. तो त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतो. अनेक वर्षांची पुंजी एका सुईत गुंतवलेल्या झाडाला असा फटका जिवावर बेततो. थॉमस गिव्हनिश या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ साली या सगळ्या विसंगतींना मिळून 'तिहेरी विरोधाभास' म्हटलं आणि ती गाठ एकाच हिशेबाने सोडवायचा प्रयत्न केला. माझ्या मते तो बराच पटतो, पण सैबेरियाचा लार्च अजून पुरता काबूत आलेला नाही.

पानगळीचे सूचिपर्णी आणखी मोजकेच: दलदलीतला टॅक्सोडियम, चीनमधले ग्लिप्टोस्ट्रोबस आणि स्यूडोलॅरिक्स, आणि मेटासेक्वोया. सहाशेंहून थोड्या अधिक जातींत हे सगळे लार्चसकट विशीच्या आत-बाहेर. मेटासेक्वोयाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४१ मध्ये जपानच्या शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून हे नाव दिलं, आणि काही वर्षांतच मध्य चीनच्या एका दरीत तीच झाडं जिवंत उभी सापडली. १९४८ मध्ये हू शियानसू आणि झेंग वानजुन यांनी त्यांचं रीतसर वर्णन केलं. आपल्या प्रश्नाला तिच्या जीवाश्मांचं महत्त्व जास्त. कॅनडाच्या उत्तरेला, ध्रुवाजवळच्या ॲक्सेल हायबर्ग बेटावर सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीची मेटासेक्वोयाची वनं सापडतात. तेव्हा तिथे बर्फ नव्हतं, हवा उबदार होती, पण हिवाळ्याचा महिनोन्‌महिन्यांचा अंधार आजच्यासारखाच. यावरून फार काळ असं मानलं गेलं, की उबदार अंधारात पानं श्वसनातून साठा खाऊन टाकतील, म्हणून झाडाने ती टाकली. पटण्यासारखं होतं. २००३ मध्ये डाना रॉयर, कॉलिन ऑस्बोर्न आणि डेव्हिड बीरलिंग यांनी तशा उजेड-अंधारात, वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये रोपं वाढवून हिशेब खरोखर मांडला. पानं टाकण्यात जाणारा कार्बन हा पानं राखून श्वसनात जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. अर्धशतक टिकलेलं सुंदर स्पष्टीकरण काही रोपांनी मोडीत काढलं, आणि त्या जागी अजून तितकं नेटकं दुसरं आलेलं नाही.

इतिहासाकडे वळलं की थंडीचा दावा आणखी सैल होतो. सूचिपर्णी तीस कोटी वर्षांपूर्वीपासून आहेत. डायनोसॉरच्या काळातली उबदार वनं बरीचशी त्यांचीच. न्यू कॅलेडोनियासारख्या उष्ण बेटावर आजही त्यांच्या चाळिसांहून अधिक जाती आहेत. आपली नागेयाही केरळच्या ओल्या रानात रुंद पानं घेऊन बारा महिने हिरवी असते. म्हणजे पानं टिकवणं ही त्यांची जुनी सवय, बर्फाने लावलेली नव्हे. १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम बाँड यांनी यावर ससा-कासवाची उपमा वापरली. फुलझाडांची रोपटी सुपीक जागी झपाट्याने वाढतात आणि सूचिपर्णींच्या सावकाश रोपट्यांना झाकून टाकतात. कासवाला उरतात त्या जागा जिथे सशाला धावताच येत नाही: गारठा, रेती, दलदल, कातळ. या वाचनानुसार उत्तरेचा हिमप्रदेश सूचिपर्णींनी निवडलेला नाही, तिथे ती मागे उरली. आणि तिथे टिकायला लागणारी सगळी सामग्री, चिवट पान, अरुंद नळ्या, काटकसर, त्यांच्या गाठीला आधीपासून होती. मला हे सर्वांत पटतं.

हिमालय या सगळ्यात थोडा स्वतःच्या मर्जीने वागतो. मध्य हिमालयात चीडच काय, बांज ओकसुद्धा हिवाळाभर हिरवा असतो आणि चैत्राच्या सुमारास नवी पालवी येताना जुनी पानं टाकतो. पानाचं आयुष्य जेमतेम वर्षभर, तरी झाड कधी उघडं नाही. तिथला हिवाळा सैबेरियासारखा जीवघेणा नाही आणि मोठी कमाई पावसाळ्यात होते. अशा जागी एक वर्षाचं सदाहरितपणही परवडतं. नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यावर बरंच काम केलं आहे. युरोप-अमेरिकेच्या नमुन्यावर बेतलेले नियम इथे जसेच्या तसे बसत नाहीत, हे त्या कामातून दिसलं.

हा हिशेब आज नव्याने पाहायचं कारण म्हणजे त्यातले आकडे हलू लागले आहेत. युरोपात वनाधिकारी झाडाची तब्येत ठरवताना फांदीवर किती वर्षांच्या सुया शिल्लक आहेत ते बघतात. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत मध्य युरोपातली स्प्रूसची वनं साल-भुंग्यापुढे फार मोठ्या प्रमाणावर कोसळली. रशियन लोक तैगाचे, म्हणजे उत्तरेच्या सूचिपर्णी रानाचे, दोन भाग करतात, लार्च आणि पाइनचा 'उजळ' आणि स्प्रूस-फरचा 'काळा'. तापमान वाढेल तसा काळा तैगा लार्चच्या मुलुखात शिरेल असा अंदाज आहे, आणि काही ठिकाणी लार्चखाली त्याची रोपं दिसूही लागली आहेत. हिवाळ्यात उघड्या लार्चमधून जमिनीवरचं बर्फ दिसतं आणि ऊन परत फिरवतं. सदाहरित झाडं ते झाकतात आणि ऊन पितात. त्यामुळे पान ठेवायचं की टाकायचं, हा झाडाचा घरगुती निर्णय हवेच्या तापमानापर्यंत पोचतो.

हिमाचलात स्प्रूसला राई म्हणतात. वाऱ्याने पडलेली राईची डहाळी सहज मिळते, आणि तिच्यावर हा हिशेब बोटाने वाचता येतो. दर वर्षीची वाढ जिथे थांबली तिथे कळीच्या खवल्यांची बारीक कडी उरते. टोकाकडून मागे मोजत जायचं. नारकंड्याजवळ उचललेल्या डहाळीवर मी अशा सात कड्या मोजल्या. सातवीपर्यंत सुया विरळ होत का होईना, होत्या. त्यामागे फांदीवर नुसते सुयांचे खडबडीत खुंट होते.